लाल दिवे, पिवळे दिवे आणि मावशीचा सुहास

गॅरेजमध्ये किस्से कोणी जमवत नाही. ते जळलेल्या फ्यूजसारखे आपोआप साचतात. रोज एखादा काढायचा, डब्यात टाकायचा, आणि मग कधीतरी डबा हलवला की नुसता खुळखुळाट! आमचा डबा तर केव्हाच भरलाय. कारण आमच्याकडे येणाऱ्या गाड्या जुन्या, आणि त्यांचे मालक गाड्यांपेक्षा जुने. नवी गाडी शोरूमला जाते. जिच्या डॅशबोर्डवर एक तरी दिवा कायमचा पेटलेला आहे, अशी गाडी रत्नागिरीभर फिरून शेवटी बापूंच्या शेडमध्ये येते.

बापू म्हणजे आमचे मालक. साठीच्या पुढचे. इंजिनाला कान लावून आजार ओळखतात, पण माणसाच्या तोंडावर एक वाक्य सरळ बोलायचं म्हटलं की ह्यांना अचानक खोकला येतो.

मी ओमकार. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला, हे प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी काका-मामा विचारतोच. मी एकच उत्तर देतो, "शिकून तुमच्यासारखा झालो तर, ह्या भीतीने!" हल्ली लग्नाची आमंत्रणं फक्त आईच्या नावाने येतात.

आणि सुहास. माझा सख्खा मावसभाऊ, चष्मेवाला. माझ्याच वयाचा, माझ्याच कॉलेजचा. त्याने डिप्लोमा पूर्ण केला, फर्स्ट क्लासमध्ये, आणि मग माझ्याच गॅरेजमध्ये कामाला आला. रत्नागिरीत दुसरं गॅरेज नव्हतं जसं काही! सांगून ठेवतो, सुहास वाईट नाही. डब्यातली सुरमईची तुकडी अर्धी करून मला देतो. वाईट असता तर माझं किती सोपं झालं असतं!

तर झालं असं, की बापूंनी जयगडच्या रस्त्याला नवी शेड घेतली. पोर्टावरच्या गाड्या सगळ्या तिथूनच जातात. तिथे फक्त इलेक्ट्रिकलचं काम करायचं. वायरिंग, सेन्सर, डॅशबोर्डचे दिवे. आणि ती आमच्या दोघांपैकी एकाने चालवायची.

"कोणी, बापू?"

बापूंना खोकला आला. "उद्घाटनाच्या दिवशी सांगेन. तवर कामां करा."

मला ती शेड पाहिजे होती. माझ्या मालकीची नको, नुसती माझ्या हातातली. जिथे आई येऊन बसली तर "सुहास कुठाय रे?" असं तिला विचारावं लागणार नाही, अशी एक जागा. बस्स. खालचे सगळे किस्से त्या वाट बघण्याच्या दिवसांतले आहेत.

* * *

एक निवृत्त मास्तर जुनी हॅचबॅक घेऊन आले. मला नववीला विज्ञान शिकवायचे. "इंजिनातून टकटक आवाज येतो," म्हणाले.

मी आत बसलो. डॅशबोर्डवर एका जागी काळी इन्सुलेशन टेप. सुबक, कात्रीने कापलेली, कोपरे गोल केलेले. नखाने उचकटली. खाली ऑइल प्रेशरचा लाल दिवा, ढणढणीत पेटलेला!

"मास्तर, हा कधीपासून लागलाय?"

"दिवाळीच्या आधीपासून असेल."

"मग वर टेप कशाला?"

"अरे, संध्याकाळी गाडी चालवताना डोळ्यांवर येतो!"

मी ऑइलची पट्टी बाहेर काढली. पुसायला फडकं घेतलं होतं, ते स्वच्छच राहिलं. इंजिनात तेलाचा थेंब नव्हता! मी म्हटलं, "मास्तर, मी खिडकीबाहेर बघतो म्हणून तुम्ही मला बाकावर उभं करायचात. आता तुम्हाला कुठे उभं करू?"

मास्तर लाल. बापू लाल. डॅशबोर्ड तर लाल होताच.

सुहास पुढे आला. "सर, बसा ना. टेप काय सुरेख कापलीत हो! मला नाही जमणार."

मास्तर विरघळले. "तू पहिल्या बाकावर बसत असणार!"

तो बसायचाच, तेच तर दुखणं आहे. मग सरांबरोबर सुहास चहा प्यायला, आणि इंजिन मी खोललं.

* * *

चिपळूणचे एक वकील. कोर्टाच्या कामाला आले होते, तसेच गाडी घेऊन आमच्याकडे. "घरून निघाल्यापासून लाल दिवा आहे. आणि मागून काहीतरी जळल्याचा वास येतोय."

मी दार उघडून बघितलं. हँडब्रेक अर्धा वर.

"साहेब, हँडब्रेक ओढलेला आहे."

"मुद्दाम ओढलाय. रस्त्याला उतार किती आहेत!"

"आणि दिवा?"

"दिव्यामुळे कळतं ना, ब्रेक चालू आहे ते!"

असल्या माणसाच्या हातात लोक आपल्या जमिनीची केस देतात! मागचे ब्रेक काढले, तर आतले लायनर भाकरी करपावी तसे करपलेले. दिवसभर बसून मी ते नवे घातले. सुहास त्या दिवशी रजेवर होता, म्हणून हा किस्सा तरी सबंध माझा. संध्याकाळी वकीलसाहेब गाडी न्यायला आले, चावी घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "तो चष्मेवाला मुलगा नाही का आज? त्याच्या नजरेखालून गेली असती तर बरं वाटलं असतं."

* * *

स्कॅनर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्याची पिन स्टिअरिंगच्या खाली जोडायची, की गाडी आपली तक्रार स्वतःच सांगते. बापू त्याला हात धुतल्याशिवाय शिवत नाहीत. ज्या कपाटात तो राहतो त्याची चावी अर्थातच सुहासकडे. मी मागितली तर बापू विचारणार, "कशाला रे?" सुहासला कोणी विचारत नाही.

खंडेनवमीला बापूंच्या घरातून काकू आल्या. पाने, पक्कड, जॅक, सगळी हत्यारं मांडली, झेंडूची माळ घातली. काकूंची भक्ती दांडगी. त्यांनी ओल्या बोटाने हळदकुंकू लावायला सुरुवात केली, त्या थेट स्कॅनरच्या पिनेपर्यंत आल्या. तिथे बारीक बारीक भोकं. एकही भोक उपाशी ठेवलं नाही!

दसऱ्यानंतर पहिली गाडी आली. स्कॅनर गप्प. दुसरी आली. गप्प. तिसरीलाही गप्प.

बापू घाबरले. "सगळ्या गाड्या एकदम कशा रे मुक्या झाल्या?"

मी पिन उलटी करून बघितली. "बापू, ह्याला हळद लागलीय. आता लग्न लागल्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही!"

सगळी शेड हसली. बापूसुद्धा हसले. मला वाटलं, आज नंबर लागला आपला! तेवढ्यात सुहासने दात घासायचा एक जुना ब्रश आणला आणि खाली मान घालून एकेक भोक साफ करायला बसला.

काकू त्या दिवशी प्रसादाचा शिरा घेऊन आल्या होत्या, त्या बघत राहिल्या. "किती हळुवार पुसतोय! तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसा." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू हसत उभा राहा!"

जोक माझा, आणि प्रसादाचा शिरा दोनदा कोणाला? बरोबर.

* * *

पावसचे एक बागायतदार काका. जुनी मोठी डिझेल गाडी, त्यातून आंब्याच्या पेट्या वाहतात.

"चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो," म्हणाले.

"कुठाय? दिसत नाही."

"गणपतीच्या मागे."

बघतो तर डॅशबोर्डवर पितळी गणपती, बरोब्बर दिव्याच्या समोर चिकटवलेला. मी हात पुढे केला तसे काका ओरडले, "अरे अरे! भटजी बोलावून बसवलाय तो. उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचा नाही!"

"मग बोलवा भटजींना."

"भटजी मुंबईला गेलेत, लेकाकडे."

सुहासने खालून स्कॅनर जोडला, देवाला धक्का न लावता. एका सेन्सरची खबर इंजिनापर्यंत पोचत नव्हती. मग काळं व्हायचं काम माझ्याकडे. बॉनेटखाली शिरलो. सेन्सरची वायर कुरतडलेली, आणि तिच्याखाली आंब्याच्या पेटीतल्या गवताचं घरटं. घरट्यात उंदराची गुलाबी गुलाबी पिल्लं!

"काका, उंदराने वायर खाल्लीय. पिल्लंही आहेत."

काकांनी एकदा बॉनेटकडे बघितलं, एकदा गणपतीकडे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हात नको लावूस रे. तो घरचाच माणूस."

गाडी आमच्याकडे अडकून पडली! काका अधूनमधून फोन करायचे. गाडीचं नाव नाही, "पिल्लांनी डोळे उघडले का?" फोन अर्थात सुहासला. हा पठ्ठ्या त्यांना फोटो पाठवायचा. पिल्लं मोठी होऊन आपल्या वाटेने गेली, तेव्हा कुठे मी वायर जोडली, टेप मारली, दिवा विझवला. हात माझा, खरचटलेली कोपरं माझी.

सीझनला काकांकडून हापूसची पेटी आली. वर नाव सुहासचं.

मला त्यातला आंबा मिळाला. सुहासनेच आणून दिला. गोड होता, ह्याचाही मला राग आला.

* * *

जयगडकडचे एक काका, सगळी नोकरी जहाजावर झालेली. घरी आल्यावर त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली आणि आम्हाला दाखवायला आणली. दुरुस्तीला नव्हे, दाखवायला! "बघा रे पोरांनो. एवढी जुनी गाडी, पण डॅशबोर्डवर एक दिवा लागत नाही!"

मी चावी अर्धी फिरवली. डॅशबोर्ड काळाठिक्कर. इथेच मला संशय आला. चावी अर्धी फिरवली की सगळ्या दिव्यांनी आधी पेटायचं असतं, वर्गातल्या हजेरीसारखं. मग इंजिन चालू झालं की विझायचं. हजेरीलाच कोणी उभं राहत नसेल, तर त्याला कोणीतरी घरी पाठवलंय.

मीटर उघडला. बल्बच्या जागा रिकाम्या.

"काका, दिवे काढून टाकलेत."

"कोणी?"

"ज्याने गाडी विकली त्याने."

"तोंड सांभाळून बोल! गाडी माझ्या व्याह्यांची आहे!"

"मग सुनेच्या रुखवतात शोधा. तिथे असतील बल्ब!"

काकांनी मला बऱ्याच बंदरांवरच्या शिव्या दिल्या. एक तर बहुतेक ग्रीक होती. बापू खोकत खोकत मागच्या बाजूला गेले.

मग सुहास. "काका, व्याह्यांना तरी कुठे माहीत असेल? त्यांनाही आधीच्या माणसाने फसवलं असेल."

"हां! असंच झालं असणार!" काका एकदम शांत.

खोटं! साफ खोटं! सुहासला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि काकांना तर सगळ्यात जास्त. पण ह्या वडीलधाऱ्या मंडळींना खरं सांगणारा नको असतो, गोड सांगणारा हवा असतो. मी सांगितलं ते भांडण. त्याने सांगितला तो सल्ला.

मी नवे बल्ब घातले. चावी फिरवली, आणि गाडीने इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम ओकून टाकलं. ऑइल, बॅटरी, ब्रेक! काका बघत बसले, मग सुहासच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "तुझं लग्न ठरलंय का रे? माझी एक पुतणी आहे."

मी तिथेच उभा होतो. मलाही विचारायला हरकत नव्हती. काका माझ्याकडे वळले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ह्याला कोण देणार!"

* * *

हा किस्सा माझ्या बाबांचा. घरचा म्हणून सोडणार नाही.

बाबांचा मासळीचा टेम्पो आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवरून माल उचलायचा आणि बाजारात टाकायचा. एकदा मी शेजारी बसलो, तर बॅटरीचा लाल दिवा पेटलेला.

"बाबा, हा दिवा!"

"बॅटरीचा आहे. चार्जिंग चालू आहे."

"काय?"

"मोबाईल चार्जिंगला लावला की लाल दिवा लागतो ना? तसाच तो. भरली की जाईल."

"कधीपासून लागलाय?"

"गणपतीपासून."

"गणपतीपासून भरतेय? बॅटरी आहे की धरण?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी खाली उतरून चालत यावं. तरी मी समजावलं. "बाबा, उलटं असतं. दिवा लागला म्हणजे चार्जिंग होत नाही. अल्टरनेटरचा बेल्ट ढिला असेल. गॅरेजला आणा, मी बघतो."

"तू राहू दे. मी सुहासला विचारतो."

स्वतःचा बाप! आणि खरंच टेम्पो घेऊन गॅरेजला आले. माझ्या अंगावरून, मला ओलांडून, थेट सुहासकडे.

सुहासने सगळं ऐकून घेतलं. टेम्पोकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, "काका, ओमकार सांगतोय तेच आहे. त्यालाच करू दे. माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला आहे."

बाबांनी चावी माझ्याकडे फेकली. "घे. सुहास म्हणतो म्हणून देतोय."

माझ्या बापाचा टेम्पो मला मावसभावाच्या शिफारशीवर मिळाला! बेल्ट घट्ट केला, दिवा गेला. बाबा जाताना हॉर्न वाजवून गेले. सुहासला.

रात्री जेवताना मी ठरवलं, की त्याचा मनापासून द्वेष करायचा. पण "त्याचा हात चांगला आहे" हे वाक्य मध्येच आडवं येत होतं. साल्याने तीही सोय ठेवली नाही.

* * *

आणि मग अक्षय तृतीया. जयगड रोडच्या शेडचं उद्घाटन.

मी नवा शर्ट घातला होता. आई आली होती. मावशी आली होती, आणि ती आतापासूनच पाहुण्यांना "या, बसा" करत होती. बाबा टेम्पो लावून कोपऱ्यात उभे. सुहासच्या अंगावर जुनाच शर्ट, तरी त्यालाच शोभून दिसत होता. शेडच्या तोंडाशी बापूंची स्वतःची म्हातारी जीप उभी केलेली. चावी लावून ठेवलेली, आणि डॅशबोर्डवर लाल-पिवळे सगळे दिवे दिवाळीसारखे! ह्या शेडमधलं पहिलं काम तिचं, असा बापूंचा हट्ट.

"बापू, आता तरी सांगा," मी म्हटलं.

बापू खोकले. "आधी देवाचां होऊन जाऊ दे. दाजीला सगळां सांगून ठेवलंय मी."

दाजी म्हणजे बापूंचे थोरले बंधू. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. जाणता माणूस नारळ हातात घेऊन देवाला एकेक गोष्ट सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" म्हणजे आम्हा सगळ्यांचं हेच मागणं आहे, सगळ्यांना कबूल आहे. एकदा देवासमोर म्हटलं की म्हटलं. नंतर "माझं लक्ष नव्हतं" चालत नाही. शिमग्याच्या पालखीसमोर हे आम्ही बोलायला शिकल्यापासून ओरडतोय. डोकं लागतच नाही त्याला. दाजींचा आवाज खाली उतरला की आपल्या घशातून तो आपोआप वर येतो.

दाजींनी जीपच्या बॉनेटवर नारळ ठेवला, वर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज अक्षय तृतीयेच्या दिवशी तुझ्या लेकरांनी हा जो धंदा मांडलाय, त्यात काय चुकलां-माकलां आसंल तर तां पोटात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जीपगाडीत जे लाल दिवे, पिवळे दिवे पेटलेत, ते कुणाच्या नजरेचे आसतील तर ती नजर जळून जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेलपाण्याचे आसतील, वायरीचे आसतील, नायतर काय त्या सेन्सराचे आसतील, तर ते तुझ्या कृपेनं विझून जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोकांना मजा यायला लागली होती. मलाही. घसा मस्त तापला होता.

"ह्या रस्त्यानं जी गाडी जाईल ती इकडं वळू दे, आणि वळली ती बरी होऊन जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या शेडीची चावी बापूनं सुहासच्या हातात दिलीय, आणि ती ओमकारच्या खुशीनं दिलीय, तर ती सुहासच्याच हातात कायम ऱ्हाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या वर माझा आवाज होता. दाजींनी एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि समाधानाने मान हलवली.